हेलिकॉप्टरच्या पोटातले साक्षीदार

प्रति,
माननीय कुलगुरू,
संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ,
अमरावती.



७ डिसेंबर १९७१ च्या दुपारी पूर्व पाकिस्तानातील कुलौऱ्याहून एमआय-४ हेलिकॉप्टरे उठली आणि सिल्हेटच्या दिशेने निघाली. आत पाचव्या गोरखा रायफल्सच्या चौथ्या पलटणीचे जवान होते. पलटणीचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अरुण भीमराव हरोलीकर. नोव्हेंबरपासून आटग्राम आणि गाझीपूर इथल्या लढायांत या पलटणीने माणसे गमावली होती, आणि विसावा असा मिळालाच नव्हता. शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात हेलिकॉप्टरने पलटण उतरवण्याचा भारतीय लष्कराचा हा पहिलाच प्रयोग. उतरायचे होते सुरमा नदीकाठच्या सिल्हेट शहरालगत. तिथले पाकिस्तानी सैन्य बरेचसे हलले आहे, अशी खबर होती. ती खबर चुकीची निघाली.

पहिली खेप उतरत असतानाच गोळीबार सुरू झाला. गोरखे उड्या मारून जमिनीला भिडले, हेलिकॉप्टरे वळली आणि कुलौऱ्याला परतली. तिथे पुढची तुकडी रांगेत उभी होती. तिला घेऊन तीच हेलिकॉप्टरे, त्याच वैमानिकांच्या हाती, पुन्हा त्याच जागी गेली. या वेळी अंधार पडू लागला होता आणि खाली बंदुका घेऊन बसलेल्यांना हेलिकॉप्टरे कुठून येणार, कुठे उतरणार हे कळून चुकले होते.

कुलगुरू महोदय, हे पत्र त्या दुसऱ्या फेरीविषयी आहे. सैन्य वाहून नेणाऱ्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकाचे शौर्य पहिल्या फेरीत पुरते दिसत नाही. खाली काय वाट पाहते आहे, हे पहिल्या वेळी त्याला ठाऊक नसते. दुसऱ्या फेरीला सगळे ठाऊक असते. तरी तो जातो, तिसऱ्यांदा जातो, आठव्यांदा जातो. हे पाहणारे सगळ्यात जवळचे साक्षीदार म्हणजे हेलिकॉप्टरच्या पोटात बसलेले आणि खाली वाट पाहणारे साधे जवान. असे जवान वऱ्हाडातल्या गावांतूनही पिढ्यानपिढ्या फौजेत गेले आहेत. त्यांच्या आठवणी टिपून ठेवण्याचे काम आपल्या विद्यापीठाने हाती घ्यावे, ही या पत्राची मागणी आहे. त्याची गरज का आहे, ते आधी सांगायला हवे.

सिल्हेटच्या उड्डाणांचे नियोजन ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांचे होते. राजस्थानातला हा माणूस, त्या वेळी जोरहाट हवाई तळाचा प्रमुख. १९६२ च्या युद्धात लडाखमध्ये डाकोटा विमानातून रसद टाकताना खालून झालेला मारा सोसून त्यांनी काम पुरे केले होते आणि वीर चक्र मिळवले होते. १९७१ मध्ये त्यांनी तळावर बसून हुकूम सोडले असते तरी कोणी बोट ठेवले नसते. पण प्रत्येक मोहिमेआधी उतरण्याची जागा ते स्वतः उडून पाहून येत. ७ आणि ८ डिसेंबरच्या मधल्या रात्री त्यांनी शत्रूच्या मुलखात खोलवर आठ फेऱ्या केल्या, आणि त्या मोहिमेत पुढे आणखी अठरा. त्यांच्या हेलिकॉप्टरला अनेकदा गोळ्या लागल्या. त्यांना मिळालेल्या महावीर चक्राच्या मानपत्रात हे आकडे नोंदलेले आहेत. सुमारे तीन हजार सैनिक आणि चाळीस टन सामान व तोफा मोजक्या हेलिकॉप्टरांनी हलवल्या, हीही नोंद त्यातलीच. प्रत्यक्ष उड्डाणांचा भार पेलणाऱ्या ११० हेलिकॉप्टर युनिटचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर सी. एस. संधू. त्यांना वीर चक्र मिळाले.

आठ फेऱ्या हा शब्दप्रयोग वाचायला सोपा आहे. एका फेरीत काय काय होते, ते पाहिले म्हणजे त्याचे वजन कळते. एमआय-४ हे सोव्हिएत बनावटीचे, पिस्टन इंजिनाचे यंत्र. इंजिन नाकात, त्याच्या वर उंचावर वैमानिकांची खोली आणि मागे खाली जवानांची जागा. डझनभर सशस्त्र जवान बसले की ते भरले. युद्धात त्याहून अधिक माणसे कोंबली जात. असे भरलेले यंत्र जमिनीकडे येताना वेग कमी करत जाते, नाक वर उचलते आणि शेवटी जवळजवळ थांबते. हा एखादा मिनिट सगळ्यात घातक. उंची नाही, वेग नाही, वळायला जागा नाही. फायटर विमानाचा वैमानिक मारा चुकवण्यासाठी यंत्र आडवेतिडवे वळवू शकतो. सैन्य उतरवणाऱ्याला ती मुभा नसते, कारण मागे दारात उभा असलेला जवान उडी टाकणार असतो आणि त्या क्षणी यंत्र स्थिर हवे. भातखाचरात चाके रुतण्याची भीती असेल तर ते टेकवायचेही नाही, जमिनीपासून काही फुटांवर तोलून धरायचे. बाहेरच्या पातळ पत्र्यातून गोळी आरपार जाते. शेवटचा जवान उतरेपर्यंत वैमानिकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय यंत्र तोलण्यातच गुंतलेले असतात.

सिल्हेटला उतरलेले गोरखे चारशेहूनही कमी होते. समोरचे सैन्य त्यांच्या कित्येक पट. जवळची शिधासामग्री जेमतेम पुरेल एवढी. पुढचे दिवस या पलटणीने दारूगोळा पुरवून पुरवून वापरला आणि हल्ले परतवले. पलटणीचे मेजर इयान कार्डोझो मूळचे मुंबईचे. ते सांगतात की बीबीसीच्या बातमीत सिल्हेटला गोरख्यांची अख्खी ब्रिगेड उतरल्याचे सांगितले गेले, पाकिस्तानी अधिकाऱ्यांनी ते खरे मानले आणि हरोलीकरांच्या पलटणीनेही ब्रिगेड असल्याचा आव कायम ठेवला. युद्ध संपताना सिल्हेटमध्ये काही हजार पाकिस्तानी सैनिक शरण आले, त्यांत ब्रिगेडियर दर्जाचे अधिकारीही होते. हरोलीकरांना महावीर चक्र मिळाले. कार्डोझोंचा पाय सुरुंगाच्या स्फोटात गेला, तो त्यांनी स्वतःच्या खुकरीने कापला आणि पुढे लाकडी पायावर चालत त्यांनी पलटणीचे व ब्रिगेडचे नेतृत्व केले. ही सगळी गाथा उभी आहे ती एका गोष्टीवर: त्या रात्री हेलिकॉप्टरे परत परत आली.

दोनच दिवसांनी मेघना नदीवर हेच घडले, आणखी मोठ्या प्रमाणावर. आशुगंज आणि भैरब बाजार यांना जोडणारा रेल्वेपूल पाकिस्तानी सैन्याने माघार घेताना ९ डिसेंबरला उडवून दिला. ढाक्याच्या वाटेवर आता अजस्र नदी आडवी होती. चौथ्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांनी पूल बांधण्याची वाट पाहिली नाही. त्याच दिवशी ब्राह्मणबाडियाहून हेलिकॉप्टरे सुटली आणि नदीपलीकडे रायपुऱ्याला जवान उतरवू लागली. रात्रीही उड्डाणे थांबली नाहीत. उतरण्याची जागा दाखवायला हातातल्या विजेऱ्यांचा उजेड होता. पुढची झेप नरसिंगदीला. तिथून ढाका जवळ होते. १६ डिसेंबरला शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या, त्यामागे विजेरीच्या उजेडात उतरलेल्या या जुन्या पिस्टन इंजिनांच्या यंत्रांचा फार मोठा हात आहे.

परदेशातले उदाहरण इथे आठवावे असे आहे. १४ नोव्हेंबर १९६५ रोजी व्हिएतनाममधल्या ‘या द्रांग’ खोऱ्यात अमेरिकी मेजर ब्रूस क्रँडल सैन्य उतरवणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या ताफ्याचे नेतृत्व करत होते. उतरण्याच्या जागेवर मारा इतका वाढला की जखमींना नेणारी वैद्यकीय हेलिकॉप्टरेही तिथे उतरेनात. क्रँडल आणि त्यांचे सहकारी एड फ्रीमन शस्त्र नसलेली हेलिकॉप्टरे घेऊन जात राहिले. जाताना दारूगोळा, येताना जखमी. क्रँडल यांची दिवसभरात बावीस उड्डाणे झाली आणि सत्तरहून अधिक जखमी बाहेर आले. अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान फ्रीमन यांना २००१ मध्ये आणि क्रँडल यांना २००७ मध्ये मिळाला, म्हणजे साडेतीन-चार दशके उलटल्यावर. तोवर ही हकीकत जिवंत ठेवली ती जमिनीवर लढलेल्या आणि वाचलेल्या सैनिकांनी. त्या लढाईचे सेनानी हॅल मूर आणि पत्रकार जो गॅलोवे यांनी अशा वाचलेल्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९९२ मध्ये पुस्तक लिहिले. ती माणसे बोलली नसती, किंवा कोणी विचारलेच नसते, तर बावीस उड्डाणांचा आकडा कुठल्या तरी फायलीत पडून राहिला असता.

दुसरी फेरी होऊ शकत नाही तेव्हा काय होते, तेही भारताने पाहिले आहे. ११ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री श्रीलंकेतल्या पलाली तळावरून चार एमआय-८ हेलिकॉप्टरे जाफना विद्यापीठाच्या मैदानाकडे निघाली. १०९ हेलिकॉप्टर युनिटचे प्रमुख विंग कमांडर सप्रे स्वतः पुढे होते. दिवे मालवलेले, भोवती काळोख. दहाव्या पॅरा कमांडोचे आणि तेराव्या शीख लाइट इन्फन्ट्रीचे जवान थोड्याथोड्या संख्येने उतरवायचे होते. एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेला या बेताचा सुगावा लागलेला होता. मैदानाच्या चहूबाजूंनी मशीनगनचा मारा झाला. वैमानिकांनी त्यातही फेऱ्या केल्या, पण हेलिकॉप्टरांची इतकी नासधूस झाली की उड्डाणे थांबवावी लागली. शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीसच जवान खाली उतरलेले होते. त्यांच्यातले एकोणतीस मारले गेले आणि एक पकडला गेला. कमांडोंनी रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही झुंज दिली आणि शेवटी रणगाड्यांच्या मदतीने ते बाहेर पडले.

या रात्रीचा दोष वैमानिकांच्या माथी मारता येत नाही. बेत ज्या माहितीवर आखला, ती माहितीच अपुरी होती. पण सिल्हेट आणि जाफना शेजारी ठेवून पाहिले की खाली उतरलेल्या जवानासाठी परत येणाऱ्या हेलिकॉप्टरचा अर्थ काय असतो, ते उलगडते. सिल्हेटला फेऱ्या चालू राहिल्या, पलटण तगली. जाफन्यात फेऱ्या तुटल्या, तीस जणांची तुकडी संपली.

मग या वैमानिकांची नावे आपल्या मुलांना का ठाऊक नाहीत? एक कारण उघड आहे. हवाई दल म्हटले की डोळ्यांपुढे फायटर विमान येते. अमरावतीच्या माजी खासदार प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना २५ नोव्हेंबर २००९ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोईतून उडाल्या, तेव्हा साऱ्या वऱ्हाडाला अभिमान वाटला आणि तो रास्त होता. हवाई दलाचे आजवरचे एकमेव परमवीर चक्रही फायटर वैमानिकाचे, १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर लढता लढता पडलेल्या निर्मलजित सिंग सेखों यांचे. त्यांच्या शौर्यापुढे मान झुकतेच. हेलिकॉप्टरचा वैमानिक मात्र कोणाचे विमान पाडत नाही, कोणते ठाणे उडवत नाही. त्याची कामगिरी दुसऱ्यांच्या खात्यावर जमा होते. सिल्हेट गोरख्यांचे झाले, मेघना सगत सिंगांची झाली. शिवाय मानपत्र असते चार-सहा वाक्यांचे. अनेकदा गोळ्या लागल्या, या तीन शब्दांत एका माणसाची अख्खी रात्र मावते.

दुसरे कारण आपल्या हातातले आहे. ज्यांनी पाहिले त्यांना कोणी विचारलेच नाही.

वऱ्हाडात विचारावे अशी माणसे आहेत. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या महार रेजिमेंटमध्ये या भागातले तरुण पिढ्यानपिढ्या भरती होत आले. याच रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत लढताना पडले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले. श्रीलंकेतल्या शांतिसेनेत गेलेला, ईशान्येच्या डोंगरांत ठाण्यावर राहिलेला, सियाचिन किंवा कारगिल पाहिलेला माजी सैनिक हेलिकॉप्टरला केवळ वाहन म्हणत नाही. टपाल त्यातून आले, भाजी त्यातून आली, ताप चढलेला साथीदार त्यातून खाली गेला. जवळ बघायचे तर गडचिरोली आहे. अमरावतीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ९ आहे आणि राखीव दलाच्या जवानांना गडचिरोलीचा बंदोबस्त नवा नाही. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी तिथल्या मर्दिनटोल्याच्या जंगलात नक्षलवाद्यांशी चकमक झाली, तेव्हा जखमी पोलिसांना हेलिकॉप्टरने नागपूरला आणले गेले. रक्त वाहणाऱ्या माणसासाठी जंगलातला रस्ता आणि हेलिकॉप्टर यांतला फरक जगण्या-मरण्याचा असतो. तो फरक स्वतःच्या अंगावर अनुभवलेली माणसे आपल्याच तालुक्यांत राहतात.

शिवाय हेलिकॉप्टरमध्ये वैमानिक एकटा नसतो. फ्लाइट इंजिनिअर असतो, गनर असतो. रात्री छिद्रे बुजवून सकाळी यंत्र उडण्याजोगे करणारे तंत्रज्ञ असतात. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरात आहे. हवाई दलात तांत्रिक कामावर सेवा करून परतलेले एअरमन विदर्भाच्या शहरांत भेटतात. त्यांच्या आठवणींनाही आजवर कोणी कागद दिलेला नाही.

वेळ थोडा आहे. १९७१ मध्ये वीस वर्षांचा असलेला जवान आता पंचाहत्तरीच्या आसपास आहे. जाफन्याला गेलेला साठीला टेकला आहे. दर वर्षी विजय दिवसाला व्यासपीठावर बसणाऱ्यांची संख्या घटते आहे. शाल, श्रीफळ आणि भाषण होते, पण त्या माणसाला दोन तास समोर बसवून त्याचे ऐकून घेणे होत नाही.

कुलगुरू महोदय, आपल्या विद्यापीठाच्या अखत्यारीत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे आहेत. महाविद्यालयांचे जाळे तालुक्यापर्यंत पोहोचलेले आहे. राष्ट्रीय सेवा योजना आणि एनसीसी यांचे विद्यार्थी आहेत, इतिहास आणि मराठीचे विभाग आहेत. प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे आणि त्याच्याकडे माजी सैनिकांची नोंद आहे. गावोगाव फिरून माणसांशी त्यांच्या बोलीत बोलणाऱ्या संताचे नाव आपल्या विद्यापीठाला आहे. या कामासाठी नवी इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही.

काम कसे व्हावे, याच्या काही सूचना आहेत. पाचही जिल्ह्यांत इतिहासाच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना मुलाखतीचे प्रशिक्षण द्यावे. मुलाखत वऱ्हाडीतच घ्यावी आणि तशीच उतरवावी, प्रमाणभाषेत घासूनपुसून घेऊ नये. प्रश्न नेमके असावेत. हेलिकॉप्टर जमिनीला टेकले होते की उडी मारावी लागली? दाराशी कोण उभे होते? आत किती जण होते? गोळी पत्र्याला लागली तेव्हा कळले का? ते पुन्हा आले का, किती वेळाने आले? जखमींना कोणी चढवले? डिस्चार्ज बुक, जुनी पत्रे, फोटो यांच्या प्रती कुटुंबाच्या संमतीने घ्याव्यात. आठवण तारखेत चुकते, गावाच्या नावात चुकते. म्हणून प्रत्येक हकीकत पलटणीच्या प्रकाशित इतिहासाशी आणि मानपत्रांशी ताडून पाहावी. आज चालू असलेल्या मोहिमांबद्दल काही विचारू नये. सैनिकाच्या पत्नीचीही मुलाखत घ्यावी, कारण युद्धाची अर्धी बाजू तिनेच घरी बसून काढलेली असते. जमलेले सारे विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोणालाही ऐकता-वाचता येईल असे ठेवावे.

याचा उपयोग उद्याच्या वैमानिकांनाही आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली, आणि तिथे वैमानिक घडवणारी मोठी प्रशिक्षण संस्थाही ठरलेली आहे. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी वाढावी म्हणून तिथले लोक वर्षानुवर्षे पाठपुरावा करत आहेत. वऱ्हाडातली मुले-मुली आता वैमानिक होण्याचा विचार करू लागली आहेत. गणवेशाचे आकर्षण त्यांना असतेच. चंदन सिंगांनी उतरण्याची जागा आधी स्वतः का पाहिली, क्रँडल पुन्हा का गेले आणि जाफन्यात अपुऱ्या माहितीची किंमत कोणी मोजली, हेही त्यांना आपल्या भाषेत वाचायला मिळाले पाहिजे. दिल्ली-पुण्याहून हे लिहून येईल म्हणून वाट पाहायची गरज नाही. दर्यापूरच्या, बाळापूरच्या, मूर्तिजापूरच्या, अचलपूरच्या एखाद्या ओसरीवर बसलेला माजी सैनिक ते सांगू शकतो.

येत्या १६ डिसेंबरला, विजय दिवशी, विद्यापीठाने पाचही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांना या कामाचे परिपत्रक काढावे आणि पहिल्या मुलाखती त्याच आठवड्यात सुरू कराव्यात, अशी आपल्याला आग्रहाची विनंती आहे. आणि ज्या घरांत असा माजी सैनिक आहे, त्या घरातल्या नातवंडांनी परिपत्रकाची वाट न पाहता आजच आजोबांपुढे मोबाइल ठेवावा आणि विचारायला सुरुवात करावी.

कळावे,

आपला नम्र,
अमरावती-अकोल्यातील एक लेखक